जनरल ग्रँट : युद्ध जिंकलं, पुढे काय?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरच्या या मालिकेत आज युलिसिस ग्रँट. पन्नास डॉलरच्या नोटेवर दाढीवाला, थोडा थकलेला चेहरा दिसतो, तो याचाच. लिंकनवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं, वॉशिंग्टन शाळेतच भेटलेला असतो. ग्रँटचं नाव निघालं तर दोन गोष्टी सांगितल्या जातात : यादवी युद्ध जिंकणारा सेनापती, आणि ज्याच्या कारकिर्दीत भ्रष्टाचार बोकाळला असा अध्यक्ष. दोन्ही खरं आहे. माझ्यासारख्या फौजी माणसाला मात्र त्याच्या आयुष्यातला वेगळाच प्रश्न टोचतो. सैन्य जे जिंकून देतं, ते देश किती दिवस सांभाळतो? आणि लोकांना सांभाळायचा कंटाळा आला, तर वरच्या खुर्चीत बसलेल्या जुन्या सैनिकाने काय करायचं?

आधी माणूस पाहू. जन्म २७ एप्रिल १८२२, ओहायो राज्यातला. वडील कातडी कमावण्याच्या धंद्यात. पोराला त्या धंद्याची, त्या वासाची मनस्वी किळस. जीव सगळा घोड्यांत. खरं नाव हायरम युलिसिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीसाठी शिफारस करणाऱ्या खासदाराने अर्जात चुकून ‘युलिसिस एस. ग्रँट’ लिहिलं आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. सरकारी कागदावर एकदा चुकलेलं नाव दुरुस्त करून घेणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. १८४३ साली ३९ जणांच्या तुकडीत २१वा येऊन तो बाहेर पडला. घोडेस्वारीत अकादमीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि नेमणूक मिळाली पायदळात!

१८४६च्या मेक्सिको युद्धात तो रेजिमेंटचा क्वार्टरमास्टर होता. खेचरं, तंबू, पीठ, दारूगोळा यांचा हिशेब त्याच्या गळ्यात. तरुण अधिकाऱ्याला हे काम कमीपणाचं वाटतं. आम्हालाही वाटायचं. पण पलटण कुठवर जाऊ शकते हे नकाशा सांगत नाही, रेशनची गाडी सांगते. हा धडा ग्रँटला तिथे मिळाला आणि पुढे एक अख्खी मोहीम त्याने त्यावर जिंकली.

शांततेच्या काळात मात्र हा माणूस कोसळला. बायको ज्युलिया आणि लहान मुलं मागे ठेवून १८५२ साली पॅसिफिक किनाऱ्यावर बदली. एकटेपणा, कमी पगार, आणि दारू. १८५४ साली त्याने राजीनामा दिला. तो दारूमुळेच द्यावा लागला अशी कुजबुज तेव्हापासून आयुष्यभर त्याच्या मागे राहिली. घरी परतताना न्यूयॉर्कमध्ये खिसा रिकामा झाला, तेव्हा हॉटेलच्या बिलाची हमी घेतली सायमन बकनर नावाच्या जुन्या वेस्ट पॉइंटच्या मित्राने. हे नाव लक्षात ठेवा.

पुढची सहा-सात वर्षं वाईट गेली. सेंट लुईसजवळ शेती केली, ती चालली नाही. गाडीत सरपण भरून शहराच्या रस्त्यावर विकलं. १८५७च्या नाताळाच्या तोंडावर घड्याळ गहाण टाकलं. सासरे गुलाम बाळगणारे. त्यांच्याकडून विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम ग्रँटच्या मालकीचा झाला होता. १८५९ साली, घरात पैशाची चणचण असताना, ग्रँटने त्याला न विकता कोर्टात जाऊन मुक्त केलं. विकला असता तर चांगली रक्कम हाती आली असती. या कृतीवर त्याने पुढे कुठे भाषण ठोकलं नाही. १८६० साली वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली नोकरीला लागला. वय ३८.

आणि १८६१ साली युद्ध सुरू झालं. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. शिकलेल्या अधिकाऱ्यांची टंचाई, म्हणून ग्रँटला इलिनॉय राज्याच्या २१व्या रेजिमेंटची कमान मिळाली. पहिल्याच मोहिमेत शत्रूच्या कर्नल हॅरिसच्या छावणीवर चालून जाताना त्याच्या छातीत धडधड वाढत गेली. टेकडीवर पोचून पाहतो तर छावणी रिकामी! तेव्हा त्याला उमगलं की आपण हॅरिसला जितके घाबरलो, तितकाच हॅरिसही आपल्याला घाबरला होता. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. इतक्या सरळपणे आपली भीती कबूल करणारे सेनापती मी फार वाचलेले नाहीत.

फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसीतला फोर्ट डोनेल्सन त्याने वेढला. आतल्या दोन वरिष्ठ जनरलांनी पळ काढला आणि शरण येण्याचं काम तिसऱ्यावर टाकलं. तो तिसरा म्हणजे बकनर. त्याने अटी विचारल्या. ग्रँटचं उत्तर : अटी नाहीत, बिनशर्त शरणागती. बकनरला ते फार लागलं. मात्र शरणागती झाल्यावर ग्रँटने त्याला बाजूला घेतलं आणि पैसे लागले तर माझं पाकीट तुझंच समज असं सांगितलं, अशी आठवण बकनरनेच पुढे सांगितली.

डोनेल्सननंतर दोन महिन्यांत शायलोची लढाई झाली. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून २३ हजारांहून जास्त ठार, जखमी, बेपत्ता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रँटच्या हातून एक लाजिरवाणा हुकूम निघाला. कापसाच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायच्या नावाखाली त्याने आपल्या इलाख्यातून सरसकट सगळ्या ज्यू लोकांना हद्दपार केलं. लिंकनने काही आठवड्यांत तो रद्द करायला लावला. ग्रँटचे चाहते हा प्रसंग गाळतात. गाळू नये.

त्याची खरी कारागिरी पाहायची तर १८६३ची व्हिक्सबर्ग मोहीम पाहावी. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर तोफा रोखून बसलेलं शहर. उत्तरेकडून दलदल, समोर नदी. हिवाळाभर वेगवेगळ्या वाटा धुंडाळल्या, सगळ्या फसल्या. मग त्याने फौज पश्चिम काठाने खाली दक्षिणेला चालवली, बोटी एप्रिलच्या रात्री तोफांच्या माऱ्यातून पुढे काढल्या आणि शहराच्या दक्षिणेला नदी ओलांडली. आता तो शत्रूच्या मुलखात, मागे रसदीचा भरवसा नाही. अशा वेळी शहाणा माणूस थांबून तळ पक्का करतो. ग्रँट थांबला नाही. दारूगोळा सोबत घेतला, अन्न मुलखातून गोळा केलं, आणि शत्रूच्या दोन फौजा एकत्र यायच्या आत मध्ये घुसला. अडीच-तीन आठवड्यांत पाच लढाया जिंकून त्याने शहर वेढलं. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं. सुमारे तीस हजार सैनिक शरण आले आणि देशाची मोठी नदी समुद्रापर्यंत मोकळी झाली. जुन्या क्वार्टरमास्टरलाच कळतं रसदीची दोरी किती ताणता येते.

१८६४ साली तो सगळ्या सैन्याचा प्रमुख झाला आणि व्हर्जिनियात रॉबर्ट ली याच्यासमोर उभा राहिला. सहा-सात आठवड्यांत त्याचे सुमारे ५५ हजार लोक कामी आले, जखमी झाले किंवा हरवले. ‘खाटीक’ हे नाव त्याला तिथून चिकटलं. कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला करायला नको होता, असं त्याने स्वतः मान्य केलं. पण मागे फिरला नाही, आणि पीटर्सबर्गला नऊ महिने लीला खंदकात जखडून ठेवलं.

आता ९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियातलं ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस हे गाव, मॅक्लीन नावाच्या गृहस्थाच्या घराचा दिवाणखाना. ली आला नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला देखणी तलवार. ग्रँट आला चिखलाचे बूट आणि साध्या शिपायाचा डगला घालून. खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या तेवढ्या लावलेल्या. थोडा वेळ मेक्सिकोच्या जुन्या गप्पा झाल्या. इतक्या की मुद्द्याची आठवण लीला करून द्यावी लागली. मग ग्रँटने स्वतःच्या हाताने अटी लिहिल्या. शस्त्रं जमा करा. अधिकाऱ्यांनी कमरेची हत्यारं, खासगी घोडा, सामान जवळ ठेवावं. सगळ्यांनी पुन्हा न लढण्याचं वचन देऊन घरी जावं. जोवर ते वचन आणि कायदा पाळतील, तोवर अमेरिकन सरकार त्यांना हात लावणार नाही. तलवार हातात घेण्याचा सोहळा झालाच नाही.

लीने सांगितलं की आमच्याकडे साध्या स्वारांचे, तोफखान्यातल्या जवानांचे घोडेसुद्धा त्यांचे स्वतःचे असतात. ग्रँट म्हणाला, लिहिलेलं बदलत नाही, पण माझ्या अधिकाऱ्यांना सांगतो : जो म्हणेल घोडा माझा आहे, त्याला नेऊ द्या. पेरणीचे दिवस होते. लीची फौज उपाशी होती, तिच्यासाठी २५ हजार शिधे पाठवायची सोय झाली. बाहेर आपल्या तोफा आनंदाने धडधडू लागल्या, त्याही त्याने बंद करायला लावल्या.

दोन महिन्यांतच या कागदाची परीक्षा झाली. लिंकनचा खून झाला होता, नवा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन सूड मागत होता, आणि लीवर देशद्रोहाचा खटला भरायची तयारी झाली. ग्रँट अध्यक्षाकडे गेला आणि सांगितलं की मी दिलेला शब्द मोडणार असाल तर माझा राजीनामा घ्या. जॉन्सनने माघार घेतली. लीला अटक झाली नाही.

इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक लष्करी अकादमीत शिकवण्यासारखी आहे. पण मंडळी, त्या दिवाणखान्यात एक पक्ष हजर नव्हता. दक्षिणेतले चाळीस लाख गुलाम आता मुक्त झाले होते. सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले होते. ॲपोमॅटॉक्सचा करार दोन सैन्यांमधला. घोडा घेऊन घरी गेलेला दक्षिणी शिपाई आपल्या गावातल्या मुक्त गुलामाशी कसा वागेल, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, ते काम राजकारणाचं. १८६९ साली ते काम ग्रँटच्याच टेबलावर आलं, कारण तोच अध्यक्ष झाला.

सुरुवात त्याने जोरात केली. १८७० साली १५वी घटनादुरुस्ती मंजूर झाली : वंश किंवा वर्ण पाहून मताधिकार नाकारता येणार नाही. त्याच वर्षी केंद्राचं न्याय खातं उभं राहिलं. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन ही टोळी रात्री घरांत शिरून काळ्या मतदारांना फटकावत, मारत होती. स्थानिक पोलीस, ज्यूरी सगळे त्यांच्याच धाकात. एप्रिल १८७१ मध्ये संसदेने क्लॅनविरोधी कायदा केला. ऑक्टोबरात ग्रँटने साउथ कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत हेबिअस कॉर्पस स्थगित केला, सैन्य पाठवलं, शेकडो लोक पकडले. खटले चालवण्याची सूत्रं ज्या ॲटर्नी जनरलकडे होती तो एमॉस अ‍ॅकरमन दक्षिणेचाच, बंडखोर फौजेत नोकरी केलेला. टोळीचं कंबरडं मोडलं. त्या कायद्यातलं एक कलम अमेरिकेत आजही नागरिक सरकारी अधिकाऱ्यांवर दावा लावायला वापरतात.

मग घसरण का झाली? एक कारण आकड्यात आहे. युद्धाच्या शेवटी दहा लाखांवर असलेली फौज १८७४पर्यंत अवघ्या २५ हजार जवानांवर आली होती, आणि त्यातले बरेच पश्चिमेकडे, मूळनिवासी जमातींविरुद्ध. (त्या आघाडीवर ग्रँट ‘शांतता धोरण’ म्हणत राहिला आणि ब्लॅक हिल्सच्या सोन्यासाठी करार पायदळी गेले. तो विषय वेगळ्या भागाचा आहे.) अशांत मुलखात सैन्याला मुलकी प्रशासनाच्या मदतीला बोलावतात तेव्हा काय होतं, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे. फ्लॅग मार्च निघतो, दुकानांची शटर वर जातात, बायकामुलं बाहेर येतात. गाड्या बॅरकमध्ये परतल्या की त्या रात्री गल्लीवर राज्य कुणाचं, हे ठाण्यावर आणि कोर्टावर ठरतं. आमच्या बंदुकीवर ठरत नाही.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुकची पेढी बुडाली आणि देशभर मंदी आली. उत्तरेतल्या मतदाराला आता स्वतःची नोकरी, स्वतःचं कर्ज दिसत होतं. दक्षिणेतल्या काळ्यांचं रक्षण हे त्याला जुनं, कंटाळवाणं प्रकरण वाटू लागलं. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानात कोलफॅक्स गावी गोऱ्या जमावाने डझनावारी काळे लोक मारले, कित्येकांना शरण आल्यावर. केंद्राने मोजक्या लोकांना शिक्षा मिळवून दिली. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली.

आणि १८७५चं मिसिसिपी. निवडणुकीआधी उघड हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. गव्हर्नर एडलबर्ट एम्स, हाही माजी जनरल, त्याने केंद्राकडे फौज मागितली. ग्रँटचं मन आधी पाठवण्याकडे होतं. पण त्याच हंगामात ओहायोत निवडणूक. पक्षाच्या लोकांनी बजावलं की मिसिसिपीत सैन्य उतरवलंत तर ओहायो हातचं जाईल. वॉशिंग्टनहून एम्सला उत्तर गेलं ते टाळाटाळीचं : जनता या दरवर्षीच्या दंगलींना कंटाळली आहे, आधी तुमचं तुम्ही पाहा. फौज आली नाही. धाकदपटशाने निवडणूक जिंकली गेली, एम्सला पुढे राजीनामा द्यावा लागला. ज्या व्हिक्सबर्गसाठी ग्रँटने इतकी माणसं खर्ची घातली, ते शहर याच मिसिसिपी राज्यात आहे.

लीसाठी राजीनामा टेबलावर ठेवणारा माणूस एम्ससाठी तसं का करू शकला नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. ली हा दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता, आणि शब्द कसा पाळायचा हे सैनिकाला कळतं. मिसिसिपीचा प्रश्न दर हिवाळ्यात, दर निवडणुकीत पुन्हा उभा राहणारा. तिथे शत्रू शरण येतच नाही. अध्यक्ष ग्रँट तिथे दमला. सोबतचा देश त्याच्याही आधी दमला होता. १८७७ साली त्याच्यानंतरच्या हेझने दक्षिणेतल्या राजधान्यांतली उरलीसुरली फौज बॅरकमध्ये नेली. तिथल्या काळ्या नागरिकाच्या मताचं रक्षण करणारा दमदार कायदा यायला १९६५ साल उजाडलं.

घोटाळ्यांविषयी थोडक्यात. व्हिस्कीवरचा कर बुडवणाऱ्या टोळीत त्याचा खासगी सचिव बॅबकॉक अडकला, तर ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली. युद्धमंत्री बेल्कनॅप लाच घेतल्याच्या आरोपावरून गेला. ग्रँटने स्वतः पैसा खाल्ल्याचं कुणी दाखवू शकलं नाही. रणांगणावर खोटा माणूस आठवड्यात उघडा पडतो. ऑफिसात तो वर्षानुवर्षं हसत समोर बसतो. शर्मन आणि शेरिडन निवडणाऱ्या नजरेला हे दिसलं नाही. जमेच्या बाजूला ब्रिटनशी झालेला १८७१चा वॉशिंग्टन करार. युद्धाच्या उंबरठ्यावरचं भांडण लवादाकडे नेऊन अमेरिकेने साडेपंधरा दशलक्ष डॉलर भरपाई मिळवली, गोळी न झाडता.

अध्यक्षपद सुटल्यावर तो सपत्नीक जगप्रवासाला निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईत उतरला होता. मुक्काम मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसात. तिथून आग्रा, जयपूर, दिल्ली, लखनौ, बनारस करत कलकत्ता.

परतल्यावर मुलाच्या भागीदाराने, फर्डिनंड वॉर्डने, त्याला बुडवलं. एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन फुगवलेली पेढी ६ मे १८८४ रोजी फुटली. त्याच्या दोनच दिवस आधी, पेढी वाचवायची म्हणून वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट स्वतः विल्यम व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने घेऊन आला होता. ते फेडायला त्याने तलवारी आणि मानचिन्हंसुद्धा लिहून दिली. आता पेन्शनर मंडळींनी ऐका : अध्यक्षांना तेव्हा पेन्शन नव्हती, ती १९५८ साली सुरू झाली. आणि अध्यक्ष होताना त्याने सैन्यातला हुद्दा सोडला होता, म्हणून लष्कराचीही नाही. दहा लाखांची फौज चालवलेला माणूस ६२व्या वर्षी कफल्लक. संसदेने हुद्दा आणि निवृत्तिवेतन परत दिलं ते ४ मार्च १८८५ रोजी. तोवर त्याला घशाचा कॅन्सर झाला होता.

घर चालावं म्हणून तो लिहायला बसला. मार्क ट्वेनने प्रकाशनाचा करार केला, नफ्यातला ७० टक्के वाटा लेखकाचा. गिळताना आगीसारखी वेदना, घशाला कोकेनचं द्रावण, शेवटी आवाजही गेला. जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॅकग्रेगरच्या बंगलीत सायमन बकनर भेटायला आला. ग्रँट कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्याशी बोलला. काही दिवसांत हस्तलिखित पुरं झालं आणि २३ जुलै १८८५ रोजी तो गेला. पुस्तकाने ज्युलियाला चार लाख डॉलरहून जास्त मिळवून दिले. अंत्ययात्रेत मानकरी म्हणून शर्मन, शेरिडन, आणि शत्रूकडचे जोसेफ जॉन्स्टन आणि बकनर.

ते पुस्तक वाचायला घेतलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. दोन जाड खंड, आणि गोष्ट १८६५लाच संपते. अध्यक्षपदाची आठ वर्षं त्यात जवळजवळ नाहीतच. मिसिसिपीबद्दल तो काय म्हणाला, ते दुसऱ्याकडून कळतं. जॉन लिंच, गुलामीत जन्मलेला, मिसिसिपीचा काळा खासदार, त्या पराभवानंतर ग्रँटला भेटून आला होता. फौज पाठवणं माझं कर्तव्य होतं, मी ओहायोसाठी नमलो, असं ग्रँटने आपल्याला सांगितलं, हे लिंचने १९१३ साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं. तोवर लिंच अमेरिकन सैन्यात मेजरच्या हुद्द्यापर्यंत नोकरी करून निवृत्त झाला होता. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याची कबर आहे.